आयरिश 'बेर' आणि आपला भारा

आयरिश भाषेत 'रुगू ए' म्हणजे 'तो जन्मला'. आणि 'रुगू एर' म्हणजे 'तो पकडला गेला', मग पोलिसांनी चोराला पकडलेलं असो की लपंडावात राज्य असलेल्या पोराने दुसऱ्याला. क्रियापद तेच, काळ तोच, रूपही तेच. फरक आहे तो शेवटच्या इवल्याशा शब्दात. पहिल्या वाक्यातलं 'ए' म्हणजे 'त्याला' आणि दुसऱ्यातलं 'एर' म्हणजे 'त्याच्यावर'.

आयरिश शिकायला घेतल्यावर हे दोन अर्थ एका क्रियापदात बघून मी अडखळले होते. जन्म देणं आणि चोर पकडणं यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो इतका सरळ आहे की एकदा कळला की हे क्रियापद पाठ करावं लागत नाही. शिवाय त्याचं मूळ आपल्या घरातलं आहे. शेतातून डोक्यावर गवताचा भारा घेऊन येणाऱ्या बाईकडे पाहिलं की हे क्रियापद निम्मं समजलंच म्हणायचं.

क्रियापद आहे 'बेर'. उच्चार साधारण आपल्या 'बोर'सारखा आखूड, फक्त ओकाराच्या जागी एकार, आणि शेवटचा 'र' जिभेचा मधला भाग किंचित टाळूकडे नेऊन म्हटलेला. आयरिशमध्ये आपल्या 'करणे', 'जाणे'सारखं '-णे' लावलेलं रूप नसतं. शब्दकोशात क्रियापद शोधायचं तर आज्ञार्थ शोधायचा. म्हणून 'बेर' हे शब्दकोशातलं रूपही आहे आणि समोरच्याला 'घे' किंवा 'धर' असं सांगणंही.

याचा गाभ्याचा अर्थ एकच: उचलून वाहणं. बाकी सगळे अर्थ या वाहण्याच्या आधीचे नाहीतर नंतरचे टप्पे आहेत. आईने नऊ महिने भार वाहिला आणि मूल जगात आणलं, म्हणजे 'रुग शी ल्यानव', तिने मुलाला जन्म दिला. कोंबडी अंडं घालते तेही 'बेर'नेच सांगतात. वस्तू सोबत न्यायची असेल तर 'बेर लॅत ए', म्हणजे 'तुझ्यासोबत घेऊन जा'. लढाई किंवा सामना जिंकला तर विजय 'वाहून नेला' असं म्हणतात. 'बूअ' म्हणजे विजय, त्यामुळे 'बेर बूअ' म्हणजे 'विजय घेऊन जा'. आयरिश पत्रांच्या शेवटी, सहीच्या वर, 'बेर बूअ अगस ब्यानख्त' असं लिहिण्याची पद्धत आहे. 'ब्यानख्त' म्हणजे आशीर्वाद. विजय आणि आशीर्वाद दोन्ही गाठीला बांधून घेऊन जा, असा तो निरोप.

पकडण्याचा अर्थ येतो तो 'वर' लागल्यामुळे. काही वाहून न्यायचं तर आधी त्यावर हात पडायला हवा. 'बेर' आणि त्यापुढे 'एर' म्हणजे 'वर' हे शब्दयोगी अव्यय आलं की अर्थ वाहण्याच्या आधीच्या त्या क्षणापाशी थांबतो: हात घातला, धरलं, गाठलं. मराठीत झडप 'वर' घालतात, तसंच. हर्लिंग या आयरिश खेळाच्या सामन्यात खेळाडू हवेतला चेंडू हाताने पकडतो तेव्हा हेच क्रियापद वापरतात. वाटेत अंधार पडला तर 'रात्रीने आमच्यावर धरलं' अशी रचना होते. आपण 'रात्रीने गाठलं' म्हणतो, तो जवळपास तोच विचार आहे.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाला सोपी जाते. आयरिशमध्ये अव्यय आणि सर्वनाम एकमेकांत मिसळून एक शब्द होतो: 'ओरम' म्हणजे माझ्यावर, 'ओर्त' म्हणजे तुझ्यावर, 'एर' म्हणजे त्याच्यावर, 'इर्ही' म्हणजे तिच्यावर. इंग्रजीतून आयरिश शिकणाऱ्यांना हे तक्ते डोंगरासारखे वाटतात. आपण तर लहानपणापासून 'माझ्यावर, तुझ्यावर, त्याच्यावर' असे जोडलेलेच शब्द बोलतो.

आता मुळाकडे येऊ, कारण मला यातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

संस्कृतात 'भृ' धातू आहे. त्याची रूपं: भरामि, भरसि, भरति. म्हणजे मी वाहतो, तू वाहतोस, तो वाहतो. जुन्या आयरिशमध्ये, म्हणजे आठव्या शतकाच्या आसपास भिक्षूंनी लॅटिन धर्मग्रंथांच्या ओळींमध्ये बारीक अक्षरात लिहून ठेवलेल्या आयरिशमध्ये, हीच रूपं अशी आहेत: बिरु, बिरि, बेरिद. 'भरति' आणि 'बेरिद' शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून बघा. लॅटिनमध्ये 'फेरो', ग्रीकमध्येही 'फेरो', इंग्रजीत 'बेअर'. ही उसनवारी नाही. आयर्लंडच्या भिक्षूने संस्कृत ऐकलं नव्हतं आणि पाणिनीला आयर्लंड माहीत नव्हतं. हजारो वर्षांपूर्वी बोलली जाणारी एक भाषा पांगत गेली, तिच्या एका टोकाला आपण आलो आणि दुसऱ्या टोकाला, अटलांटिकच्या काठी, आयरिश बोलणारे पोचले. या कुळाला आता भारोपीय किंवा इंडो-युरोपीय म्हणतात.

'भ'चा 'ब' कसा झाला? आयरिश ज्या शाखेत येते त्या केल्टिक भाषांनी महाप्राण सोडून दिला. हे एकाच शब्दात घडलं असतं तर योगायोग म्हणता आलं असतं, पण ते नियमाने घडतं. आपला 'भ्राता' तिकडे 'ब्राहिर' झाला (आज त्याचा मुख्य अर्थ मठातला बंधू असा आहे), आणि 'भू' म्हणजे 'होणे' हा धातू तिकडे 'बी' झाला. स्वराचं मात्र उलटं झालं. मूळ भाषेत इथे 'ए' होता. संस्कृतने 'ए' आणि 'ओ' हे आखूड स्वर 'अ'मध्ये मिसळून टाकले, म्हणून आपल्याकडे 'भर'. आयरिशने 'ए' जपला, म्हणून तिकडे 'बेर'. व्यंजन आपण सांभाळलं, स्वर त्यांनी. मूळ शब्द उभा करायचा तर दोन्ही घरांतले तुकडे जुळवावे लागतात.

मराठीत 'भरणे' म्हणजे वाहणं नव्हे, रिकाम्या जागेत काही घालणं, हा आक्षेप रास्त आहे. पण जुना अर्थ वाहण्याचाच होता. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'नमो भरन्त एमसि' असं आहे, म्हणजे 'नमस्कार घेऊन आम्ही येतो'. तिथलं 'भरन्त' हे 'वाहत, घेऊन' या अर्थाचं आहे. पुढे अर्थ कसा सरकला तेही आजच्या मराठीत दिसतं. 'ट्रकमध्ये माल भरला' यात वाहून नेणं आणि आत घालणं दोन्ही एकत्र नांदतात. तिथून 'घागर भरली'पर्यंतची वाट लांब नाही. आणि नामांमध्ये जुना अर्थ तसाच टिकून आहे: भार, भारा, ज्याचं पोट आपण वाहायचं तो भृत्य, उपकाराचं ओझं सांगणारे आभार.

फारसीच्या वाटेनेही हाच धातू मराठीत आला आहे. फारसीत त्याचं रूप 'बर', आयरिशसारखंच 'ब'चं. पैगाम वाहून आणणारा तो पैगंबर. काळीज उचलून नेणारा तो दिलबर. फारसीत 'बार' म्हणजे ओझं, आणि त्यावरून धान्याच्या बाजारात रोज कानावर पडणारं 'बारदान'. लॅटिनचं 'फेरो' तर 'ट्रान्सफर'च्या शेवटात बसलेलं आहे. बदलीच्या ऑर्डरमध्ये, गवताच्या भाऱ्यात आणि डब्लिनमधल्या जन्मदाखल्यात एकच धातू आहे.

हे आज आपल्याला ऐकायला स्वाभाविक वाटतं, पण आयरिशला या कुळात जागा मिळायला वेळ लागला. कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाबद्दलचं प्रसिद्ध भाषण केलं तेव्हा केल्टिकचा उल्लेख त्यांनी चाचरतच केला होता. अडचण ही होती की आयरिशमध्ये शब्दाचं पहिलंच अक्षर बदलतं, आणि असं संस्कृत, ग्रीक किंवा लॅटिनमध्ये दिसत नाही. 1837 मध्ये आदोल्फ पिक्ते यांनी केल्टिक आणि संस्कृत यांचं नातं दाखवणारं पुस्तक लिहिलं, आणि 1838 मध्ये संस्कृतचे गाढे अभ्यासक फ्रान्झ बोप यांनी बर्लिनमध्ये या कोड्याचा उलगडा केला: पहिलं अक्षर बदलतं ते आधीच्या शब्दाच्या गळून गेलेल्या शेवटामुळे.

हे 'बेर'वरच समजून घेऊ.

नुसतं 'बेरन तू' म्हणजे 'तू पकडतोस'. प्रश्न विचारायचा तर 'अन मेरन तू?' होतं. 'ब'चा 'म' झाला. 'अन' या प्रश्नार्थक शब्दाच्या मागे अनुनासिकाची ओढ आहे आणि तिने 'ब'ला नाकात ओढलं. 'वाक्' आणि 'मय' जवळ आले की 'वाङ्मय' होतं, म्हणजे शेजारच्या अनुनासिकाने व्यंजन नाकात जातं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. आपल्याकडे संधीत आधीचा शब्द बदलला, आयरिशमध्ये पुढचा बदलतो, एवढाच फरक.

दुसरा बदल 'ब'चा 'व' होण्याचा. 'पकडेन' हे 'बेअर्ही मे', पण 'पकडलं असतं' म्हणायचं तर 'व्हेअर्हिन'. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेलं व्यंजन सैल पडतं, हे यामागचं कारण. संस्कृत 'दीप'चा मराठी 'दिवा' झाला तो याच कारणाने. आपल्याकडे हे शब्दाच्या पोटात घडलं, आयरिशमध्ये ते दोन शब्दांच्या सीमेवर घडलं. आधीच्या शब्दाचा शेवटचा स्वर कालांतराने गळून पडला, पण त्याने घडवलेला बदल राहून गेला. लेखनात मूळ 'ब' सोडत नाहीत. प्रश्नात 'ब'च्या आधी 'म' लिहितात आणि 'ब' वाचत नाहीत. सैल झालेल्या 'ब'पुढे रोमन लिपीतलं 'एच' जोडतात. त्यामुळे आयरिश वाचताना अक्षरं जास्त आणि उच्चार कमी असं वाटतं, पण त्या मुक्या अक्षरांमुळेच मूळ शब्द डोळ्यांना सापडत राहतो. मला ही लेखनपद्धती फार आवडते.

वाक्यात क्रियापद सगळ्यात आधी येतं. 'रुग अन फॅर एर अन लिअरोज' याचं शब्दशः मराठी करायचं तर 'पकडलं माणसाने चेंडूवर'. आधी घडलं काय ते सांगायचं, मग कोणी केलं ते.

आता काळजीपूर्वक वाचणाऱ्यांच्या मनात आलेला प्रश्न घेऊ. 'बेर'चा भूतकाळ 'रुग' कसा? एक 'र' सोडला तर यात काहीच समान नाही.

कारण 'रुग' हे 'बेर'चं रूप नाहीच मुळी. वेगळ्या धातूचं रूप भूतकाळाच्या जागी येऊन बसलं आहे. विचित्र वाटत असेल तर 'तो जातो' आणि 'तो गेला' ही दोन वाक्यं म्हणून बघा. 'जातो'मध्ये 'या' धातू आहे, 'गेला'मध्ये 'गम्'. दोन वेगळे धातू आपण एका क्रियापदाची रूपं म्हणून वापरतो, आणि 'जाला' का नाही असं मराठी मूल विचारत नाही. 'असतो' आणि 'होता' यांचंही तेच, तिथे 'अस्' आणि 'भू' एकत्र नांदतात. गंमत अशी की वाहण्याच्या क्रियापदात ही सरमिसळ इतर भाषांतही आहे. लॅटिनमध्ये वर्तमानकाळ 'फेरो' पण भूतकाळ 'तुली'. ग्रीकमध्ये वर्तमान एका धातूचं, भविष्य दुसऱ्याचं, भूत तिसऱ्याचं. रोजच्या वापरातल्या क्रियापदांना हे परवडतं, कारण ती इतक्या वेळा कानावर पडतात की रूप विसरायची सोयच नसते.

'रुग'चे दोन तुकडे करता येतात: 'रो' आणि 'उग'. 'उग' हा तो दुसरा धातू. 'रो' म्हणजे आपला 'प्र'. केल्टिक भाषांनी 'प' टाकून दिला, अगदी नियमाने. आपला 'पिता' आयरिशमध्ये 'अहिर' झाला तो पहिला 'प' गळून, आणि 'प्र'चा 'प' गळून राहिला 'रो'. जुन्या आयरिशमध्ये हा 'रो' काम पूर्ण झाल्याची खूण म्हणून भूतकाळाला लावत. पुढे लोक विसरले की 'रुग'मध्ये तो आधीच आहे. आजच्या प्रमाण आयरिशमध्ये 'पकडलं नाही' याला 'नीर रुग' म्हणतात, आणि 'नीर' म्हणजे 'नी' अधिक 'रो'. एकाच वाक्यात 'प्र' दोनदा!

भविष्यकाळातही असंच घडलं आहे. 'बेअर्ही' मधला लांब 'ए' ही जुन्या आयरिशमधली भविष्याची खूण होती, तेवढी पुरेशी होती. नंतर इतर क्रियापदांना लागणारा भविष्याचा प्रत्यय यालाही लावला गेला. लिहिताना तो प्रत्यय 'फ'ने लिहितात आणि बोलताना 'ह' म्हणतात. म्हणजे 'बेअर्ही' मध्ये भविष्य दोनदा सांगून झालेलं आहे. शिकणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की वर्तमानात आखूड 'ए', भविष्यात आणि संकेतार्थात लांब 'ए', भूतकाळात 'रुग'. बाकीचे प्रत्यय इतर क्रियापदांसारखेच लागतात.

सुरुवातीचं 'रुगू' मात्र नीट पाहायला हवं. हे कर्त्याशिवायचं रूप आहे. (पश्चिम आयर्लंडमध्ये 'रुगू' ऐकू येतं, दक्षिणेत शेवट वेगळा ऐकू येतो, लेखन एकच.) इंग्रजीतून समजावणारे याला कर्मणी म्हणतात, पण ते पूर्ण बरोबर नाही. कर्मणी प्रयोगात कर्म कर्त्याच्या जागी जाऊन बसतं. इथे तसं होत नाही. 'रुगू ए' मधला 'ए' हे 'त्याला' या अर्थाचं, कर्माचं सर्वनाम आहे. 'तो' असता तर 'शे' आलं असतं. म्हणजे वाक्याचा खरा अर्थ 'त्याला जगात आणलं' असा आहे, कोणी आणलं ते न सांगता. मराठीत 'त्याला पकडलं', 'असं म्हणतात', 'रस्ता खणून ठेवलाय' ही वाक्यं अशीच असतात. कर्ता नाही आणि कोणाला त्याची गरजही वाटत नाही. आयरिशने या रचनेसाठी प्रत्येक काळात वेगळं रूप राखून ठेवलं आहे: वर्तमानात 'बेरतर', भूतकाळात 'रुगू', भविष्यात 'बेअरफर'. स्वतःची ओळख करून देताना आयरिश माणूस 'रुगू अगस तोगू मे' म्हणतो आणि पुढे गावाचं नाव सांगतो. 'मला जन्म दिला आणि वाढवलं ते अमुक गावी.' आई-बापांचा उच्चार नाही, पण दोन्ही क्रियापदं त्यांच्याच कामाची आहेत.

'बेर'चं धातुसाधित नाम 'ब्रेह'. आपल्या '-णे'चं काम हेच करतं. 'ता अन ख्यार्क एग ब्रेह' म्हणजे कोंबडी अंडं घालते आहे, शब्दशः 'कोंबडी घालण्यापाशी आहे'. वाढदिवसाला 'ब्रेहला' म्हणतात, 'ला' म्हणजे दिवस.

पण 'ब्रेह'चा दुसरा अर्थ आहे न्यायनिवाडा. जन्म आणि निवाडा एकाच शब्दात! 'ब्रेह व्हाश' असं वाचलं आणि 'ब्रेह' म्हणजे जन्म, 'बास' म्हणजे मृत्यू एवढंच ठाऊक असेल तर 'मृत्यूचा जन्म' असं काहीतरी वाटेल. त्याचा अर्थ आहे मृत्युदंडाची शिक्षा. इथेही वाहण्याचाच अर्थ आहे. निवाडा कुठूनतरी उचलून लोकांपुढे आणायचा असतो. मराठीत निष्कर्ष 'काढतात', तसा आयरिशमध्ये निवाडा 'वाहून आणतात'. निवाडा वाहून आणणारा तो 'ब्रेहव', न्यायाधीश. आजही आयरिशमध्ये न्यायाधीशाला हाच शब्द आहे.

त्या शब्दाचं इंग्रजीकरण 'ब्रेहन' असं झालं आणि त्यावरून आयर्लंडच्या जुन्या कायद्याला ब्रेहन कायदे म्हणतात. हे कायदे सातव्या-आठव्या शतकात लिहिले गेले आणि सतराव्या शतकात इंग्रजी राजवटीने मोडून काढेपर्यंत चालले. गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली तर काय, पाहुण्याला जेवण नाकारलं तर काय, असे निवाडे त्यात बारकाईने नोंदवलेले आहेत. त्यातल्या एका संहितेचं नाव 'बेखब्रेहा', म्हणजे 'मधमाश्यांचे निवाडे'. एकाच्या पोळ्यातल्या माश्या शेजाऱ्याच्या फुलांवर चरतात, मग मधात शेजाऱ्याचा वाटा किती, पळालेलं मोहोळ कोणाचं, डंख मारला तर भरपाई काय, हे सगळं त्यात आहे. काँगल केख नावाच्या राजाचा डोळा मधमाशीने अधू केला आणि त्या व्यंगापायी त्याला आयर्लंडमधल्या तारा या ठिकाणचं राजेपद सोडावं लागलं, हा दाखलाही त्यात दिला आहे. नावातलं 'ब्रेहा' हे आपल्या 'ब्रेह'चंच अनेकवचन.

एक सावधगिरीची सूचना. 'नूअव्हेर्हे' म्हणजे नुकतंच जन्मलेलं बाळ किंवा नुकतंच घातलेलं अंडं. पण 'उव्ह व्हेरिहे' म्हणजे उकडलेलं अंडं. दुसरा शब्द 'उकळणे' या अर्थाच्या अगदी निराळ्या क्रियापदाचा आहे, त्याचा 'बेर'शी संबंध नाही. लिहिताना एका अक्षराचा फरक पडतो.

आता कुटुंबाबद्दल. आयरिश व्याकरणात फक्त अकरा अनियमित क्रियापदं आहेत, आणि शाळकरी मुलं ती पाढ्यांसारखी पाठ करतात. त्या अकरांपैकी तीन 'बेर'च्याच घरातली आहेत. 'बेर' स्वतः, 'देणे' या अर्थाचं 'तूर', आणि 'बोलणे, म्हणणे' या अर्थाचं 'अबर'.

'तूर'चं जुनं रूप 'दो-बेर'. 'दो' म्हणजे 'कडे'. कोणाकडे वाहून नेणं म्हणजे देणं. लेखनात त्यातला 'ब' अजून आहे, उच्चारात विरघळून गेला. त्याचा भूतकाळ 'हुग', आणि त्यातही तोच 'उग' आहे जो 'रुग'मध्ये भेटला. थोरल्या भावाचे जुने कपडे धाकट्याला यावेत तसं झालं आहे.

'अबर' अधिक सुरेख आहे. जुनं रूप 'अस-बेर', 'अस' म्हणजे 'बाहेर'. बोलणं म्हणजे शब्द बाहेर वाहून आणणं. आपण तरी काय वेगळं म्हणतो? 'त्याने तोंडातून शब्द काढला नाही.' या क्रियापदाचं वर्तमान 'डेर' आणि भूतकाळ 'डूर्त' बघून कोणालाही यात 'बेर' दिसणार नाही. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर लेखनसुधारणा होईपर्यंत 'डूर्त' लिहिताना मधे 'बी' आणि 'एच' ही अक्षरं लिहीत असत. सुधारणेने लिहिणं सोपं केलं, पण एका शब्दाची वंशावळ झाकली गेली, याची मला हळहळ वाटते.

आयर्लंडमध्ये मैफलीत कोणाला गाण्याचा आग्रह करायचा तर 'अबर अव्हरान' म्हणतात. शब्दशः, 'गाणं म्हण'. मराठीतही आपण 'एक गाणं म्हण ना' असंच सांगतो. हे नातं धातूचं नाही, विचाराचं आहे. गाणं आधी शब्दांचं असतं, हे दोन्हीकडच्या लोकांनी आपापलं ठरवलं.

चौथं भावंड 'इमिर', म्हणजे खेळणे. 'इम' म्हणजे भोवती, 'इम-बेर' म्हणजे भोवती नाचवणं, इकडून तिकडे नेणं. काठी किंवा सोंगटी हातात घेऊन फिरवणं यावरून खेळाचा अर्थ आला. हे नियमित क्रियापदांत सामील झालं, म्हणून त्या अकरांच्या यादीत त्याचं नाव नाही.

आणि 'ब्यार्त'. याचा अर्थ गाठोडं, गवताचा किंवा काटक्यांचा भारा. इथे धातू आणि अर्थ दोन्ही मराठीशी जुळतात.

नकाशावरही हा धातू सापडतो. 'इन्व्हर' म्हणजे नदीचं मुख. 'इन' म्हणजे आत, त्यापुढे 'बेर': नदी आपलं पाणी जिथे आत वाहून आणते ती जागा. स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसच्या नावातला 'इन्व्हर' तोच, आणि वेल्समधल्या ॲबरिस्टविथमधलं 'ॲबर' हेही त्याच धातूचं, फक्त उपसर्ग वेगळा. डब्लिनच्या दक्षिणेला आर्क्लो नावाचं गाव आहे. तिथे अव्होका नदी समुद्राला मिळते. गावाच्या पाटीवर इंग्रजी नावासोबत आयरिश नाव असतं, 'अन तिन्व्हर मोर', म्हणजे 'थोरलं नदीमुख'. नदी जे घेऊन येते ते त्या नावात आहे. त्याच मुखातून दिवसातून दोनदा समुद्राचं पाणी उलटं वर चढतं. त्याला कोकणातला माणूस भरती म्हणेल, आणि तो शब्दही याच धातूचा आहे.